कोकरूच्या आवाजाला जोड

मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो, गिटारचा. एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे मला अॅम्पच म्हणतात. अंगाने चौकोनी, रंगाने काळा, कोपऱ्यांवर लोखंडी टोप्या आणि पुढे जाळी. गवयाच्या घरात शोभेन असे माझे रूप नाही. मला पाहून एका म्हातारीने विचारले होते, "ही तिजोरी का रे?"

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, एकाने स्पीकर बसवला, दुसऱ्याने पाठीची फळी ठोकली. शेवटी एका तपासनिसाने मला वीज देऊन माझे 'गेन' नावाचे बटण पिळले. हे बटण म्हणजेच माझा स्वभाव आहे. साध्या अॅम्पमधून गिटारचा सूर आहे तसाच, फक्त मोठा होऊन बाहेर पडतो. माझ्यात तो आतल्या आत एवढा कोंबला जातो की त्याच्या कडा फाटतात. मग तो खरखरतो, गुरगुरतो, दात काढून अंगावर येतो. हेवी मेटल वाजवणाऱ्यांना तेच हवे असते. तपासनीस कानावरचे झाकण सारत म्हणाला, "हा कुणाला झोपू देणार नाही." मला ते आशीर्वादासारखे वाटले.

पुढे दुकानात मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही. वाहतुकीत कडेला ओरखडा पडला होता, म्हणून मला खालच्या फळीवर ढकलून माझी किंमत उतरवली होती. माझ्या डोक्यावर गिटारच्या पट्ट्यांची खोकी ठेवत. असा मी कितीतरी दिवस धूळ खात पडलो.

एके दिवशी दुकानात तिघे जण आले. एक होता सोफे दुरुस्त करणारा कारागीर, त्याच्या बोटांना सुतळीचे घट्टे होते. दुसरी त्याची धाकटी बहीण. ती त्याच्याच कारखान्यात खोळी शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम बडवायची. तिसरा तिचा नवरा. तो शाळेची व्हॅन चालवायचा. तो इतका हळू बोलायचा, की व्हॅनमधल्या मुलांनी त्याचे नाव कोकरू ठेवले होते आणि घरच्यांनीही तेच उचलले होते.

दुकानदाराने आधी त्यांना सगळ्यात मोठा, जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प दाखवला. त्याचा आवाज खरोखर राजासारखा होता. बहिणीने किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि हळूच पुन्हा पालथी केली.

"दादा, हा घ्यायचा तर घर विकून आपल्याला इथेच राहायला यावं लागेल."

मग दुकानदाराने एक छोटा, चकचकीत अॅम्प पुढे केला. "यात शंभर आवाज आहेत, ताई."

"शंभर नकोत हो. एकच द्या, पण पक्का द्या."

दादाने तो हळू आवाजात वाजवला तेव्हा तो छान वाटला. पण बहिणीने शेजारचे स्टूल दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली आणि त्याचा सूर गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा हरवून गेला. दादा म्हणाला, "घरात एकट्याने ऐकायला गोड आहे. ड्रमपुढे टिकणार नाही."

तेवढ्यात कोकरूची नजर खाली गेली. "त्या ओरखडेवाल्याला एकदा विचारून बघू या का?" तो म्हणाला. जणू मीच उत्तर देणार होतो!

मला बाहेर काढले. दादाने दुकानातली गिटार घेतली नाही, स्वतःची आणली होती तीच जोडली. जाड तारेचा सूर आणखी खाली उतरवला. गेन पूर्ण पिळला, तर मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा नुसता कल्ला झाला. मग त्याने तो थोडा मागे आणला आणि मधल्या सुरांचे बटण वर नेले. तळहात तारांवर दाबून तो भराभर ठोके मारू लागला. प्रत्येक ठोका सुटा, खणखणीत निघाला. बहीण स्टूल बडवत होती, तरी मी हरवलो नाही.

"भाऊजी, आता तुम्ही," दादा म्हणाला.

कोकरूने दुकानात कोणी नाही ना हे पाहिले, शर्टाची वरची गुंडी सोडली आणि तोंड उघडले. मित्रांनो, त्या मऊ माणसाच्या पोटातून असा काही घोगरा हुंकार निघाला की दुकानदाराच्या हातातला पेला हिंदकळला. त्याच्या आवाजाची खरखर आणि माझी खरखर एकमेकींत अशी मिसळली, की कोणती कुणाची ते कळेना.

बहीण हसून म्हणाली, "जोडा जमला. घ्या बांधून."

माझे सुखाचे दिवस सोफ्यांच्या कारखान्यात गेले. चहूकडे फोमचे गठ्ठे, काथ्याचे ढीग आणि पोट फाडलेल्या खुर्च्या. फोम आवाज गिळून टाकतो, त्यामुळे आम्ही कितीही आरडाओरडा केला तरी शेजाऱ्यांची तक्रार नसे. सुट्टीच्या दुपारी दादा खिळे झाडून जागा करी, बहीण ड्रम मांडी आणि कोकरू एका बिनपायांच्या सोफ्यावर उभा राहून गाई. आठवडाभर गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या बैठका शिवणारी ही माणसे त्या दुपारी ताठ उभी राहत.

आम्ही बाहेरही वाजवू लागलो. एका सभागृहात दुसऱ्या बँडवाल्यांनी कपाटाएवढे अॅम्प आणले होते. त्यांनी मला पाहून विचारले, "हा काय, डबा आणलाय का जेवणाचा?" आमचे गाणे झाल्यावर तेच माझ्याभोवती वाकून माझी बटणे कुठे ठेवली आहेत ते पाहत होते. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी माझ्यासारखा भाग्यवान मीच, असे मला वाटले.

पुढे कोकरूचा आवाज आणखी दाट झाला. त्याला एक नवी धार आली. ऐकणारे म्हणत, "गळा पिकलाय." दादा तर खूश होऊन म्हणाला, "भाऊजी, आता कुठे खरं गाताय तुम्ही! आधी नुसतं ओरडत होतात." कोकरू लाजून हसला. गाणे थांबले तरी त्याचा आवाज तसाच घोगरा राहतो, हे माझ्याजवळ बसलेल्या कोणालाच खटकले नाही. तो व्हॅनच्या मुलांना हाक मारायचा बंद झाला होता. नुसता हॉर्न वाजवायचा. बहीण गरम पाण्यात मीठ घालून आणायची, तो गुळण्या करायचा आणि पुन्हा सोफ्यावर चढायचा.

"अरे, एकदा डॉक्टरला दाखव ना," ती म्हणायची.

"गाणाऱ्याचा घसा बसायचाच. कार्यक्रम होऊ दे, मग जातो."

एक कार्यक्रम झाला, मग दुसरा झाला. घास उतरेना आणि थुंकीत रक्त दिसले तेव्हा तो गेला. स्वरयंत्रात कर्करोगाची गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ती वेळेत दिसली असती तर नुसत्या किरणोपचारांवर भागले असते. आता सगळे स्वरयंत्रच काढावे लागणार होते.

इस्पितळात जाण्याच्या आदल्या दुपारी तिघे कारखान्यात आले. गाणे टिपून ठेवायला दादाने मोबाईल खुर्चीला टेकवून उभा केला. कोकरूने तो उचलून पालथा ठेवला.

"नको. पुढे तेच ऐकत बसाल."

मग त्याने गायला सुरुवात केली. त्याला दोन ओळींमागे थांबावे लागत होते. तो थांबला की दादा तोच ठेका पुन्हा वाजवायचा, बहीण तेच ठोके पुन्हा द्यायची आणि दोघे त्याची वाट पाहायचे. मी माझ्या परीने त्याच्या आवाजाखाली खांदा दिला. शेवटची ओळ त्याला जमली नाही. ती तशीच राहिली.

तो परत आला तेव्हा त्याच्या गळ्याला खाली एक भोक होते आणि त्यावर पातळ फडके. श्वास तिथूनच यायचा. त्याला बरे वाटावे म्हणून दादाने मला लावले आणि जुने गाणे सुरू केले. कोकरू सोफ्यावर चढला. त्याची जागा आली, त्याने तोंड उघडले. फडके तेवढे हलले. तो खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि त्याने माझा आवाज शून्यावर नेला. रागाने नाही, दिवा मालवावा तसा.

पुढे रोग अंगात पसरला. व्हॅन दुसऱ्याच्या हाती गेली. एका सकाळी कारखाना उघडला नाही. दोन आठवड्यांनी उघडला तेव्हा बहीण एकटी दादाच्या मागून आली आणि शिवणयंत्राशी बसली.

त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "तू म्हणालास, आता खरं गाताय. माझ्या नवऱ्याचा गळा सडत होता आणि तू टाळ्या वाजवल्यास."

दादाच्या हातातला हातोडा थांबला. "रोज रात्री उशाशी तू होतीस. तुला तरी कुठे कळलं?"

बोलू नये ते दोघेही बोलून गेले होते. तेव्हापासून त्यांच्यात फक्त मापे बोलली जातात. पाठ किती? बैठक किती खोल? कापड पुरेल का? ती ड्रमकडे पाहतसुद्धा नाही. दादा संध्याकाळी गिटारची पेटी उघडतो, तारांवर चढलेला गंज पाहतो आणि पेटी लावून टाकतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसा, वायर गुंडाळून ठेवा, ओल लागू देऊ नका, असे मी सांगायला हवे. ते तर कराच. पण माझी खरखर बटण पिळून येते आणि बटण मागे घेतले की जाते. माणसाच्या गळ्याला असे बटण नसते. घरातल्या कुणाचा आवाज बसला आणि दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर त्याचे कौतुक करू नका. त्याला मिठाचे पाणी देऊन वाट पाहू नका. हाताला धरून डॉक्टरकडे न्या. तो नाही म्हणेल. तरी न्या. माझे ऐकून कोकरू परत येणार नाही आणि ती दोघे पूर्वीसारखी बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

परवा खुर्ची दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाने काथ्याच्या ढिगामागे मला पाहिले. त्याची मुलगी गिटार शिकत होती, तिला स्वस्तात असाच अॅम्प हवा होता. त्याने विचारले, "विकायचा आहे का?"

दादाने बहिणीकडे पाहिले. तिने यंत्र थांबवले नाही.

"बंद आहे तो," दादा म्हणाला.

मी बंद नाही, मित्रांनो. मला कोणी लावत नाही, एवढेच.