आत घ्यायचा श्वास

“अहो काका, फुंकताय काय? ओढा! आत ओढा!”

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फीनला हसू आवरेना. आखीलनं तोंडातली प्लास्टिकची नळी काढली नि तो ओशाळला. डॉक्टरांनी कंबरदुखीवर दिल्यापासून रोज सकाळी तो ती इमानानं फुंकत होता. शेजारचं कुत्रं भुंकायचं, कंबर मात्र तशीच धरलेली.

“पोरी, गावच्या बँडमध्ये ट्यूबाचा थोरला पितळी कर्णा फुंकण्यात जन्म गेला माझा. नळी हातात आली की फुंकायची, एवढंच ठाऊक.”

“आयुष्यभर श्वास दिलात, आता घ्यायला शिका.” फीननं त्याच्या बरगड्यांखाली तळवा टेकवला. “इथला पडदा खाली उतरतो नि कण्याला आतून धरतो. नळी अडवेल, तुम्ही जोर लावून ओढा. खांदे उचलायचे नाहीत हं. मिरवणुकीत जायचंय ना?”

जायचं होतं. संत रोकसच्या सणाची मिरवणूक दर ऑगस्टात बँडसकट वृद्धाश्रमाच्या खिडकीखाली थांबते, आणि त्या खिडकीत ओदिल असते, त्याची बायको. पूर्वी बँडमध्ये ती त्याच्या शेजारी बसून कॉर्नेटची छोटी तुतारी वाजवायची; सूर लावण्याआधी दोघं एकदमच श्वास घ्यायची. आता स्मृती गेल्यावर रोज भेटायला येणारा म्हातारा तिला परका होता; खालच्या ट्यूबावाल्याला मात्र ती हात करायची. तेवढंच उरलं होतं, तेही कमरेनं नेलं. दोन उन्हाळे ट्यूबा खोलीतच पडून होता.

हिवाळाभर त्यानं श्वास ओढला. आधी कण्हत, मग हट्टानं, मग सवयीनं. नळी बाजूला ठेवली की पहिल्या मोकळ्या श्वासात कॉफीचा वास यायचा, कपाटातल्या ओदिलच्या साबणाचा यायचा. एके सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधायला वाकला, बांधून उठलाही, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

ऑगस्टात ट्यूबा खांद्यावर चढला.

“झेपेल का रे? बाबागाडी आणू?” ढोलवाल्या रेमीनं चिडवलं.

“आण की. तुझं पोट ठेवू तिच्यात.”

खिडकीखाली पथक थांबलं. कंबर कुरकुरली, पण ओरडली नाही. गर्दीत फीन दिसली. आखीलनं तिच्याकडे बघून मान लववली. मग वर पाहिलं.

ओदिल होती. तिचा हात हलला नाही.

त्यानं खांदे सैल सोडले आणि सावकाश, खोल, श्वास आत घेतला. वर खिडकीत तिचे ओठ विलगले. तिनंही त्याच्याबरोबर श्वास घेतला, आणि सूर सुरू होईपर्यंत धरून ठेवला.