माहेरचं गाव

माझी बायको दिएम गेल्याचं गावाला सकाळी भोंग्यावरून कळलं. "दोक्बेकडची व्हिएतनामची वहिनी दवाखान्यात वारली," सरपंच म्हणाले. दोक्बे म्हणजे मी.

आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. उल्जिनची वहिनी, बोउनची वहिनी. दिएमच्या वाट्याला मात्र चौदा वर्षं अख्खा देश आला होता. मी तडक सरपंचांकडे गेलो.

"गिल्नामदादा, तिलाही गाव होतं. पुन्हा नीट सांगा की."

"चुकलंच बाबा. आत्ता सांगतो." त्यांनी माईक हातात घेतला. "बोल, कुठलं गाव?"

नदीकाठी आहे, नारळ आहेत, एवढंच मला आठवलं. नाव तिनं सांगितलं असणार. मी कधी तिकडे गेलो नाही.

"अरे, बायको तुझी ना?" असं म्हणून सरपंचांनी माईक खाली ठेवला.

लग्नाच्या कागदावर ते नाव आहे, पण तिकडची अक्षरं मला वाचता येत नाहीत. उद्या एकोणपन्नासावा दिवस, आमच्याकडे गेलेल्याला शेवटचा निरोप द्यायचा. तो कागद अजून कुणाकडून वाचून घेतलेला नाही आणि भोंग्यावर तिच्या गावाचं नाव सांगायचं राहिलं आहे.