पत्र्याखालचा कापूस

मी शालिग्राम, लोकांचा शालिक, डोणगावचा सिलिंगवाला. माझ्या धंद्यात मला अक्कल शिकवणारे रोज भेटतात, पण जानेफळच्या शेषरावांनी हद्द केली. सोसायटीच्या जुन्या खताच्या गोदामात त्यांना मुलींसाठी अभ्यासिका करायची होती. वर नुसते टिनपत्रे. मी म्हटलं, थर्माकोल लावू, खाली सिलिंग ठोकू, आठवड्यात मोकळे. तर म्हणे, थर्माकोल नको, कापूस भरा.

"भाऊ, कापसात उंदरं होतेत."

"होऊ द्या. पण ऊन खाली उतरलं नाही पाह्यजे."

यावर मी टेप काढून मापं घ्यायला लागलो. मागच्या मे महिन्यात त्यांची एकुलती एक पुष्पांजली घरच्या टिनाच्या खोलीत भरतीचा अभ्यास करता करता ऊन लागून पडली आणि दोन दिवसांत गेली. आता एकाही पोरीला तापल्या पत्र्याखाली बसू द्यायचं नाही, एवढंच त्या माणसाला सुचत होतं.

त्यांनी गावभरच्या जुन्या गाद्या गोळा केल्या, मेहकरहून कापूस पिंजून आणला. पोती एका ट्रॉलीत, रिकाम्या खोळी वेगळ्या. सिलिंगची एक पट्टी बसवायची, तिच्यावर चार बोटं कापूस दाबायचा, मग पुढची पट्टी. नाकातोंडात तंतू जायचे. मी शेषरावांना मनात शिव्या घालायचो, खोटं कशाला बोलू? खोळींना हात पुसायचो.

शेवटच्या दिवशी त्यांची बायको, कोकिळावहिनी, माहेराहून परतली ती थेट गोदामात आली. माझ्या हातातल्या निळ्या फुलांच्या खोळीकडे बघत राहिली.

"हे तं पुष्पाच्या गादीची हाय."

मयताचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, शिवेबाहेर टाकतात. वहिनीने ते टाकू दिलं नव्हतं. दहा महिने ती त्याच गादीवर झोपत होती.

"कापूस कुठी हाय?" तिने नवऱ्याला विचारलं.

शेषरावांनी छताकडे बोट केलं. "तू त्या गादीवरून उठतच नव्हती, कोकिळा. लोकं म्हणत, शिवेबाहेर फेक. मले फेकता नाही आली. म्हटलं, पोरीइच्या डोक्यावर तिची सावली राहीन."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "शालिकभाऊ, माह्या पोरीचा कापूस नेमका कुठी भरला?"

यंत्रातून सगळ्या गाद्यांचा कापूस एक होऊन आला होता. कोणाचा कुठे गेला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण त्या बाईचा चेहरा बघून ते माझ्याच्याने बोलवेना. हात आपोआप वर गेला.

"तिथं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात."

"सगळा?"

"हाव वहिनी, सगळा."

ती जाऊन त्या कोपऱ्याखाली बसली. शेषरावांनी मला हात जोडले. आपण पुण्य केलं, असं मला वाटलं.

घरी जाताना वाटेत मी गाडी थांबवली. मला आठवलं, त्याच कोपऱ्यात कापूस कमी पडला होता. दुसऱ्या कामावरचे थर्माकोलचे चार फुटके तुकडे मी तिथे कोंबले होते आणि मधल्या फटी तशाच ठेवून गुपचूप पट्टी ठोकली होती. अख्ख्या छतात तेवढाच कोपरा बिनकापसाचा.

मे महिना लागला तसं मला चैन पडेना. एक पोतं कापूस घेऊन जानेफळला गेलो. अभ्यासिका चालू होती. पोरी थंड बाजूला दाटीने बसल्या होत्या. खिडकीजवळच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून वहिनी एकटीच आडवी होती. तिथे पाय ठेवला तर वरून भट्टीसारखी धग लागली. तिचा चेहरा लाल झाला होता, पोलकं घामाने भिजलं होतं.

"वहिनी, जरा बाजूले व्हा. इथली पट्टी ढिली झाली, मी खोलून नीट बसवून देतो."

ती ताडकन उठून बसली.

"तिथं हात नोका लावू, भाऊ."

"पण इथं लय तपते. ऊन लागीन तुमाले."

"लागू द्या," ती म्हणाली, आणि छताकडे बघत पुन्हा आडवी झाली. "पोर हाय माही वर."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग पोतं उचललं आणि बाहेर आलो.