नुसती चव

कुपवाडच्या चाळीत आशा सेविका म्हणून घरोघर फिरणाऱ्या मंगलला एक कोडं सुटत नव्हतं. चाळीतल्या समीक्षाचं पहिलं पोरगं जन्माला आलं ते एवढं हलकं, की महिनाभर काचेच्या पेटीतून घरी आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तंबाखूच्या मशेरीवर बोट ठेवलं होतं. या खेपेला दिवस राहिल्याचं कळताच समीक्षानं डबी सासूच्या हवाली केली. तरी सहाव्या महिन्यात दात काळे ते काळेच.

मंगलला माणसांचा जमाखर्च मांडायची खोड. खोटं बोलणारी नजर चुकवते. समीक्षा तर डोळ्याला डोळा देऊन "घासत न्हाई, ताई" म्हणायची. मग दातांवर जमा होणारं येतं कुठून?

म्हणून ती एकदा सकाळीच, न सांगता, जाऊन टपकली. दारातच ठसका लागला. समीक्षा तव्यावर तंबाखू भाजत होती. काळी पडली तशी तिनं चिमूटभर चुरली, बोटानं दातांवर फिरवली, जरा थांबली.

"आत्या, अजून कच्ची हाय."

पुन्हा तवा, पुन्हा बोट.

"आणि हे काय गं?" मंगलनं विचारलं.

"मी कुठं घासतीया? आत्यांसाठी नुसती चव बघतीया."

खाटेवरनं सासू हरणाबाई बोलली, "सुनंनं भाजायची, चव बघूनच सासूला द्यायची. मी बी तशीच दिली. कालवण चाखून पोट भरतंय व्हय?"

"मावशी, पहिल्या बाळाच्या वक्ताला बी हीच चाखायची?"

हरणाबाईनं कोपऱ्यात झोपलेल्या नातवाकडं बघितलं. त्याचं मनगट तिच्या अंगठ्याएवढं होतं. ती उठली आणि तवा घेऊन मागच्या अंगणात, उघड्या चुलीपाशी गेली.

बाईनं कैक वर्षांत मशेरी भाजली नव्हती. धूर झाला, खोकला झाला, शेवटी सवयीनं हाक आली, "समीक्षे, झाली का बघ गं."

समीक्षाचं बोट शिवशिवलं. मंगलच्या नजरेतून ते सुटलं नाही. पण समीक्षानं पदर नाकाला लावला. "तुमीच बघा, आत्या. मला आता कळायचं न्हाई."

"मंगल, तू तरी?"

"माझं दात पांढरं हायत, मावशी. ऱ्हाऊ द्या तसंच."

बाहेर थुंकल्याचा आवाज आला. "जळली की मेली." मग तवा पालथा घातल्याचा.

हरणाबाई रिकाम्या हातानं आत आली, खाटेवर बसली, सुनेच्या पोटाकडं बघत राहिली.

"च्या टाक गं," ती म्हणाली. "त्येची चव बघ खुशाल."