नसलेल्या दुखण्याचा नवस

"ह्यात निजता येतं व्हय?" गाडीच्या मागच्या दारातून आत डोकं घालून नागोजीनं विचारलं.

"निजता? आवो, कॅम्पातल्या मेजरसाहेबाची पोरंबाळं हितंच ऱ्हायली की गोव्याला जाऊन. खोली न्हाय, लॉज न्हाय," गुंडू म्हणाला. "ही गाडी न्हवं, बंगला हाय बंगला."

बंगला म्हणजे मिलिटरीच्या लिलावात निघालेली जुनी अँब्युलन्स. कॅम्पात गॅरेज असलेल्या गुंडूनं ती घेतली, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर गाद्या टाकल्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले, कोपऱ्यात स्टोव्ह बसेल अशी पेटी ठोकली आणि शनिवार-रविवारच्या सहलींना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. बाहेरून निळा रंग दिला होता, पण हात राखून. गाडी उन्हात उभी राहिली की दोन्ही अंगांवरचा जुना क्रॉस निळ्याखालून डोकं वर काढायचा. गुंडूला त्याचं काही वाटत नव्हतं.

"मंडळी किती?" त्यानं विचारलं.

"दोघंच," नागोजी म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हंजी मी आन्... घरातली."

गुंडू हसला नाही. पण तो हसला असं नागोजीला वाटलं, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडलं म्हणायला हरकत नाही.

नागोजी बेळगावात नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. गाव येळ्ळूर, बिऱ्हाड खासबागेत, दोन खोल्यांचं. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात धाकट्या मुलीचं लग्न निपाणीला झालं. तिला पोचवून परत येताना एस.टी.त त्याची बायको जयाबाई खिडकीशी बसली होती. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाली, "आता दोघंच ऱ्हायलो की ओ आपण."

"व्हय."

"एकदा दर्या बघायचा हुता मला. कुणाचं लगीन न्हाय, देव न्हाय, नुसता दर्या. सैपाक तुमच्यापुरता आन् माझ्यापुरता."

लग्न झाल्यापासून या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं नागोजीला आठवेना. तो हो म्हणाला. आणि हो म्हटल्यावर त्याला घाम फुटला.

कारण येळ्ळूरचा माणूस गावाबाहेर कशाला जातो याचे काही नियम आहेत. लग्नाला जातो, मयताला जातो, देवाला जातो. सीमाप्रश्नाच्या मोर्चाला तर ट्रक भरून जातो. कोर्टात जातो, दवाखान्यात जातो. पण पन्नाशीला टेकलेल्या, जावई आलेल्या गड्यानं बायकोला शेजारी बसवून समुद्र बघायला जायचं? ही गोष्ट तोंडानं सांगायची कशी, हेच नागोजीला कळेना. सिनेमाला गेलेला माणूस निदान अंधारात तरी बसतो.

त्यामुळे ऑफिसात रजा मागताना हेडक्लार्कनं मान वर न करता "कारण?" असं विचारलं, तेव्हा नागोजीच्या तोंडून निघून गेलं, "घरात बरं न्हाय."

"काय झालंय?"

"पोटात दुखतंय सारखं. वेंगुर्ल्याकडं एक वैद्य हाय म्हणत्यात. घेऊन जातो." एकदा खोटं बोलायला लागल्यावर माणूस वेंगुर्ल्यालाही थांबत नाही. तो पुढं म्हणाला, "डॉक्टरनी हात टेकले."

मागं शामू उभा होता. शामू नळावर टँकर भरून द्यायचा आणि रोज संध्याकाळी सायकलनं येळ्ळूरला घरी जायचा. बातमीला पाय फुटले ते तिथं.

शनिवारी सकाळी जयाबाई हिरवं इरकली लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून गाडीत पुढं बसली. तिनं पडद्यांना हात लावून बघितला, गादी दाबून बघितली, आणि नव्या नवरीसारखी हसली. नागोजीनं गाडी सुरू केली तशी म्हणाली, "आधी गावाकडं घ्या. नारळ न्हाय का फोडायचा?"

ही त्यांच्या घरची रीत. गावदेवीला नारळ फोडल्याशिवाय घराण्यातलं कुणी घाट उतरायचं नाही. वेंगुर्ल्याची वाट एकीकडं आणि येळ्ळूर दुसरीकडं, पण रीत ती रीत. देवळात जाऊ, नारळ फोडू आणि भाऊबंदांच्या गल्लीकडं न फिरकता निघू, असा नागोजीचा बेत होता. येळ्ळुरात निळी अँब्युलन्स गुपचूप आत शिरून गुपचूप बाहेर पडेल असं समजणारा माणूस वीस वर्षं ड्रायव्हर होता, हे खरं वाटत नाही.

घाट उतरायच्या आधी नारळाला गाडी येणारच, हे गावाला ठाऊक होतं. वेशीपाशीच पोरं ओरडली, "आली, गाडी आली!" गल्लीच्या तोंडाशी बाया उभ्या होत्या. पुढं त्याची थोरली भावजय मालुबाई, पदर तोंडाशी धरून. उन्हात गाडीवरचा क्रॉस लख्ख दिसत होता.

"ह्या बाया का ओ रडाय लागल्यात?" जयाबाईनं विचारलं.

 नागोजीनं ब्रेक दाबला आणि समोर बघतच, हळू आवाजात बोलला, "मागं जा. आडवी हो."

"काय?"

"तुला बरं न्हाय म्हणून सांगितलंय मी ऑफिसात. शामूनं गावात सांगितलेलं दिसतंय. आडवी हो, जया. तुझ्या पाया पडतो."

जयाबाईनं त्याच्याकडं बघितलं.  दोन सीटांच्या मधून मागं सरकली, फळीवर आडवी झाली आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं नागोजीला पुढं किती वेळा वाटलं.

मागचं दार उघडलं आणि बाया वाकून आत बघायला लागल्या. कुणी लिंबू आणलं होतं, कुणी अंगारा. म्हातारी राजाबाई तिचे पाय चेपत म्हणाली, "कुणाचं वाईट केलं न्हाय गं हिनं. माझ्या दुखण्यात ह्याच पोरीनं पेज करून घातल्ती." जयाबाईनं डोळे मिटून घेतले. आजवर तिच्याबद्दल एवढं चांगलं कुणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं, आणि ते ऐकायला तिला असं खोटं पडून राहावं लागत होतं.

मग मालुबाई वर चढली. मालुबाईचे दोन्ही गुडघे अधू, पायरी चढायची तर कण्हत. वाटणीच्या वेळी तांब्याच्या घंगाळावरून दोन्ही जावांचं बिनसलं होतं. कार्याला जाणं-येणं होतं, बोलणं नव्हतं. ती फळीच्या कडेला टेकली आणि जयाबाईचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"जया, घंगाळ तुझंच हुतं गं," ती म्हणाली. "मामंजींनी तुला म्हणून सांगितलेलं मी ऐकल्तं. तरी ठेवून घेतलं. माझं पाप तुला बाधलं."

"आक्का, तसं न्हवं—" जयाबाई उठायला लागली.

"निज गं, निज." मालुबाईनं तिला खांद्याला धरून झोपवलं, गाडीच्या दारातून गावामागच्या गडाच्या दिशेला हात जोडले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलली, "गडावरच्या म्हादेवा, हिला आपल्या पायानं चालत घरी आण. पाच सोमवार उपाशी, अनवाणी गड चढीन."

मग तिनं जयाबाईच्या डोक्यावरून हात फिरवला. नागोजी ड्रायव्हरच्या जागेवर स्टेअरिंग धरून बसला होता. आता उतरावं, सगळ्यांसमोर हात जोडावेत आणि सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात थोरला भाऊ भावकू घरातून वाकळ घेऊन पळत आला. "घाटात गार लागंल तिला," म्हणाला. नारळ पण त्यानंच फोडून आणला होता. नागोजीनं अर्धी भकल घेतली आणि गाडी सुरू केली. एवढंच त्याला जमलं.

गाव मागं पडलं. हिंडलगा गेलं, शिनोळी गेलं. नागोजी म्हणाला, "ऊठ आता. ये पुढं."

"असू दे," मागून आवाज आला. "आजारी हाय न्हवं मी."

आंबोलीला त्यानं चहा आणून दिला. तिनं तो पडल्या पडल्याच घेतला. घाट उतरताना धुकं आलं, दरीतून वारं आलं, पण पुढची सीट रिकामीच राहिली. सावंतवाडीच्या पुढं नारळीची झाडं लागली तेव्हा त्यानं पुन्हा हाक मारली नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आरशातसुद्धा मागं बघवेना.

वेंगुर्ल्याला संध्याकाळ झाली. त्यानं गाडी उलटी घेतली, मागचा भाग पाण्याकडं केला आणि उतरून दोन्ही दारं उघडली.

"दर्या," तो म्हणाला.

जयाबाई उठून बसली. फळीच्या टोकाला सरकून पाय खाली सोडले. गजरा चुरगळून मानेशी आला होता. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत ती बघत राहिली.

"केवढा हाय ओ," ती म्हणाली. मग, "आक्काचं गुडघं लई दुखत्यात. धान्य निवडाय बसली तर उठवत न्हाय तिला."

नागोजी वाळूत उभा होता. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"लाज कशाची वाटली तुम्हास्नी? माझी?"

"तुझी न्हवं गं. लोक हसतील म्हणून."

"हसली असती तर हसली असती. आता रडली." तिनं पदरानं डोळे पुसले. "सोमवारच्या आत परत चला. आक्काला सांगायचं. तुम्हीच सांगायचं."

त्या रात्री तिनं स्टोव्ह पेटवला, दोघांपुरता भात टाकला. एस.टी.त बोलली होती अगदी तसा. दोघांनाही जेवण गेलं नाही.

रविवारी दिवस मावळताना गाडी येळ्ळुरात शिरली. या वेळी जयाबाई पुढं बसली होती. ती आपल्या पायांनी उतरली, आणि गल्लीत एकच आनंद झाला. भावकूनं गूळ वाटला. "एका दिवसात गुण आला! काय वैद्य म्हणायचा!" मालुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला पोटाशी धरलं. वैद्याचं नाव विचारायला चार माणसं जमली. नागोजीच्या तोंडात गूळ होता. सांगतो म्हणून त्यानं दोनदा घसा खाकरला, आणि दोन्ही वेळा भावकूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जयाबाई त्याच्याकडं बघत होती, आणि तो गुळाकडं.

सोमवारी उन्हं वर यायच्या आत मालुबाई निघाली. पोटात पाणीसुद्धा नव्हतं. जयाबाई तिच्याबरोबर, मागं नागोजी. गडाच्या पायथ्याशी मालुबाईनं चपला काढल्या. जयाबाईनंही आपल्या काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि नवऱ्याकडं फक्त एकदा बघितलं.

"वैनी, थांबा." नागोजी पुढं आला. "चपला घाला. चढू नगासा. हिला काय झालंच नव्हतं."

मालुबाई थांबली.

"दर्या बघायला गेलतो आम्ही. दोघंच. सांगाय लाज वाटली म्हणून ऑफिसात खोटं बोललो. शामूनं ऐकलं, तुम्ही सगळी आलासा, आन् मग मला तोंड उघडवलं न्हाय."

मालुबाईनं पदर खोचला. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"ठावं हाय?"

"पोटात दुखणारी बाई अबोली माळून निजती व्हय, भावजी? मी हिच्या डोक्यावरनं हात फिरवला, तवा गजरा हाताला लागला. ताजा. पर तवर नवस बोलून झाल्ता."

"मग चढता कशाला आता?"

"तुम्ही खोटं बोललासा," मालुबाई म्हणाली. "मी न्हाय बोलले. मला ती जगाय पायजे हुती. ते काय खोटं हुतं व्हय?" आणि जयाबाईकडं वळून, "घंगाळ गाडीत ठेवलंय गं तुझ्या. जाताना इसरू नगं. आन् दर्या कसा हाय ते चढता चढता सांग मला. मीबी कुठं बघितलाय."

जयाबाईनं तिच्या कमरेला हात घातला. दोघी चढायला लागल्या. मालुबाई प्रत्येक दगडाशी थांबत होती, आणि थांबली की जयाबाई हात लांब करून काहीतरी दाखवत होती, तिथं नसलेलं पाणी. नागोजीला खालून शब्द ऐकू येत नव्हते. आपणही वहाणा काढून मागं जावं असं त्याला वाटलं, पण त्या दोघींत जायची त्याची छाती झाली नाही.

कामावर निघालेला शामू सायकलवरून उतरला. "नागोजीआप्पा, जयाकाकूला बरं वाटलं न्हवं? वैद्याचा पत्ता द्या की. आमच्या म्हातारीला न्यावं म्हणतो."

"वैद्य न्हाय कुणी," नागोजी म्हणाला. "तिला काय झालं नव्हतं. दर्या बघायला गेलतो आम्ही, नवरा-बायको. ऑफिसात सांग. गावातबी सांग."

 हसावं की काय करावं ते शामूला कळेना. मग सायकलवर बसून निघून गेला.

ऊन तापायला लागलं होतं. वर दोन लुगडी दिसत होती, एक हिरवं, एक विटकं. नागोजी खाली वाकला. मालुबाईच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो सेफ्टी पिनेनं अडकवला होता. उतरताना पाय पोळू नयेत म्हणून त्यानं दोन्ही जोड उचलले, करवंदीच्या जाळीखाली सावलीत नीट जोडून ठेवले आणि तिथंच बसला.