झोक्यावरची पुरणपोळी

मुंबईहून निघालेली शिडाची बोट सिंगापूरला चांगीच्या छोट्या बंदरात थांबली, तेव्हा कप्तान उल्हास दाबके आपल्या तिघा खलाशांना घेऊन मावसबहिणीकडे टॅम्पिनीसला जेवायला गेला. भर वादळातही आपल्याला कधी मळमळलं नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवत असे. पण इतके दिवस पाण्यावर काढल्यावर त्याला आता स्थिर जमीनच सोसेना. सुमित्राच्या फ्लॅटमध्ये शिरताच तो भिंत धरून उभा राहिला.

"दादा, लिंबू देऊ का?" सुमित्राने विचारलं.

"मला काही झालेलं नाही. तुझा फ्लॅट हलतोय," तो म्हणाला.

खलाशी मात्र पुरणपोळ्यांवर ताव मारत होते. पोळ्यांची चळत उतरताना बघून उल्हासचा जीव तळमळू लागला. तेवढ्यात त्याला खिडकीतून खाली मुलांचा झोका दिसला. ताट घेऊन तो लिफ्टने खाली गेला, झोक्यावर बसला आणि पायाने रेटा देत डुलू लागला. डोकं लगेच ठिकाणावर आलं. त्याने पहिला घास तुपात बुडवला.

पोळी संपेपर्यंत झोक्यासमोर मुलांची रांग लागली होती. शेजारच्या एका चिनी आजींना त्याची दया आली आणि त्या मागून झोके देऊ लागल्या.

"मामा, माय टर्न लाह," रांगेतली भाची किमया सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

"दादा, आणखी वाढू का?" सुमित्राने वरून विचारलं.

"वाढ," उल्हास म्हणाला, "आणि किमया, आजींना सांग, जरा मोठा झोका द्या."