मागेल त्याला देणारा

मित्रांनो, ही घरघर माझ्या पंख्याची आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी एक जुना संगणक आहे. जरा स्वस्थ बसावे म्हटले तरी मला जमत नाही. कोण कधी काय मागेल, या धास्तीने मी सतत जागा असतो.

माझी उमेदीची आठ वर्षे नरडाण्याच्या एका कारखान्यात गेली. नवे संगणक आले तसे मला कोपऱ्यात झाडूशेजारी ठेवले. तिथून ज्योत्स्नाताईंनी मला आपल्या गावच्या वाचनालयात आणले. त्या वाचनालय सांभाळतात आणि दुपारी म्हाताऱ्या बायांना अक्षरे शिकवतात. त्यांनी माझी धूळ पुसली आणि माझ्यात एक छोटा प्रोग्राम बसवला. त्याला वेब सर्व्हर म्हणतात. काम साधे होते. एक फोल्डर खुला करायचा, त्यात फाइली ठेवायच्या. वाचनालयाच्या वाय-फायवर कोणी मोबाइलमध्ये माझा पत्ता टाकला, की मी यादी दाखवायची आणि मागेल ती फाइल जशीच्या तशी द्यायची. का हवी, हे मला विचारता येत नाही.

त्यांतल्या भिकुबाई साठीनंतर लिहायला शिकल्या. रोज एका बोटाने त्या माझ्यावर आमच्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी टाइप करत. गाणे झाले की दुसरी फाइल उघडत. ती देवपूरला दिलेल्या लेकीसाठी, सारिकासाठी होती. तिला चौथीतून काढून कापूस वेचायला नेले, त्याबद्दल. एक ओळ लिहीत, दोन पुसत. ते पत्र त्यांनी कोणालाच दाखवले नव्हते.

श्रावणात कानबाई आली. भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गावी जमले. शेजारपाजारच्या बायांनाही गाणी हवी होती. ती माझ्यात चार ठिकाणी विखुरलेली. ज्योत्स्नाताई घाईत होत्या. वेचत बसण्यापेक्षा त्यांनी भिकुबाईंचा सगळा फोल्डरच खुला केला. यादीत गाण्यांखाली ‘सारिकाले’, म्हणजे ‘सारिकाला’, हे त्या पत्राचे नाव दिसू लागले. मला कळत होते, पण मला तोंड नाही. भिकुबाईंच्या शेजारच्या दीपकने ती फाइल मागितली आणि मी दिली.

त्याने ओट्यावर जमलेल्या बायांमध्ये, भिकुबाईंसमोरच, ती मोठ्याने वाचली.

“काकू, तू तं लेखिका व्हयी गयी वं.”

बाया हसल्या. भिकुबाई उठल्या आणि तडक वाचनालयात आल्या.

“ज्योत्स्ना, रोट आपण भाऊबंदमाच खातस ना? दुसऱ्यासले देतस का?”

“नाही, अक्का.”

“मंग मना कागद बठ्ठासले कसा वाढा वं तू?”

ज्योत्स्नाताईंनी यादी उघडली; अक्कांचा कागद खरेच सगळ्यांना वाढला गेला होता. भिकुबाई गेल्या, त्या आठ दिवस फिरकल्या नाहीत. कोणी गाणे मागे, मी देई, पण माझे चित्त दाराकडे. एवढ्या कष्टाने आलेली अक्षरे आता सुटतात की काय, हीच धाकधूक.

भिकुबाई रागावून गेल्या त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाताईंनी नवा फोल्डर केला होता. त्यात फक्त गाणी ठेवली आणि यापुढे एवढेच द्यायचे, असे मला बजावले होते. नवव्या दिवशी त्या स्वतः जाऊन भिकुबाईंना घेऊन आल्या. मोबाइल त्यांच्या हातात दिला.

“अक्का, माझं चुकलं. आता तुम्हीच तुमचा कागद मागून बघा.”

भिकुबाईंनी मागितला. ‘फाइल सापडली नाही,’ मी उत्तर दिले. त्यांनी पुन्हा मागितला. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी नाही म्हटले. मित्रांनो, देण्यातच माझा जन्म गेला, पण इतके बरे मला देताना कधी वाटले नव्हते.

“आते सरक वं ज्योत्स्ना,” भिकुबाई म्हणाल्या, “माले लिखू दे.”

त्या लिहीत आहेत. पण दीपकच्या मोबाइलमध्ये ती प्रत अजून असेल, आणि एकदा दिलेले मला परत घेता येत नाही. म्हणून माझा पंखा असा घरघरतो. मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसता, तसे दार उघडण्याआधी आत कोणाचे काय ठेवले आहे, तेही बघत जा. नाही कधी म्हणायचे, हे माझे मला कळत नाही. ते तुम्हीच मला सांगायचे असते.